नवीन प्राध्यापक झालात? संशोधन आणि लेखनासाठी मदत कधी, कुणाकडे आणि कशी मागायची

नोकरी लागली, नावाआधी डॉक्टर लागलं, आणि आता आयुष्यात पहिल्यांदाच असं झालंय की तुमचं संशोधन पुढे सरकतंय का हे विचारणारं कुणीच नाही. पीएचडीला गाईड होते, प्रगती अहवालाची तारीख होती, शेजारच्या टेबलावर तुमच्यासारखेच रडणारे दोघं तिघं होते. आता नवे कोर्स आहेत, पेपर तपासणी आहे, दोन कमिट्यांवर नाव टाकलेलं आहे, आणि रिसर्च कुठंय तर लॅपटॉपवर 'फायनल_नवीन_३' नावाच्या फोल्डरमध्ये.

माझा पहिला पेपर थिसिसच्या तिसऱ्या चॅप्टरमधून काढायचा होता. मी तो चौदा महिने एकटा घासत बसलो, कारण 'जरा नीट झाला की दाखवू' असं प्रत्येक वेळी वाटायचं. शेवटी दुसऱ्या विभागातल्या एका सहकारी बाईंना दाखवला तर त्यांनी वीस मिनिटांत सांगितलं, अरे सुरुवातीला तू एक प्रश्न विचारतोयस आणि शेवटी उत्तर भलत्याच प्रश्नाचं देतोयस. हे मला दुसऱ्या महिन्यातच कळलं असतं, म्हणजे बारा महिने पाण्यात. तेव्हापासून माझा एकच नियम झालाय, काम कच्चं असतानाच दाखवायचं, आणि खाली ज्या पायऱ्या लिहिल्यात त्या सगळ्या याच नियमावर उभ्या आहेत.

पायरी १ : आधी पसारा कागदावर काढा

पहिल्या दोन आठवड्यांत एक शीट उघडा आणि अर्धवट पडलेलं सगळं त्यात टाका. थिसिसचे चॅप्टर, कॉन्फरन्सला वाचलेला पण कधी छापायला न पाठवलेला पेपर, गोळा करून ठेवलेला डेटा, मित्राबरोबर 'करूया करूया' म्हणत राहिलेलं काम. प्रत्येकासमोर चार रकाने करा : गाडं कुठे अडलंय, पुढचं सगळ्यात छोटं काम काय, मदत कुणाची लागेल, आणि शेवटचं कुणाला कधी दाखवलं. हा चौथा रकाना पहिल्या वर्षी जवळपास रिकामाच असतो, लाज वाटून घेऊ नका.

मग त्यातली दोनच कामं जिवंत ठेवा. एक पूर्ण व्हायला आलेलं, बहुतेक वेळा थिसिसमधलंच, आणि एक नवीन. बाकीची बाजूला ठेवून द्या, ती कुठे पळून जात नाहीत. पाच घोंगडी भिजत ठेवली की एकही वाळत नाही.

याच काळात अजून एक काम करा जे बरेच जण संकोचापोटी करत नाहीत. विभागप्रमुखांना सरळ विचारा की कायम होण्यासाठी आणि पुढच्या बढतीसाठी संशोधनातलं नेमकं काय धरलं जातं, जर्नलमधले लेख किती, पुस्तकातलं प्रकरण चालतं का, सहलेखक असले तर गुण कसे वाटले जातात, कुठल्या यादीतली जर्नल लागतात. आणि उत्तर लेखी मागा, किंवा बोलणं झाल्यावर तुम्हीच एक मेल टाका की 'आपलं बोलणं झालं त्यावरून मला असं समजलं'. व्हरांड्यातल्या गप्पांवर तीन वर्षांचं प्लॅनिंग करू नका, कारण तिथे दहा वर्षांपूर्वीचे नियम आजही लागू असतात. (इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्यावरून, माणसाचं मोजमाप करू नये असं सांगणारा डोरा जाहीरनामा २०१३ मध्ये आला, बऱ्याच संस्थांनी त्यावर सह्याही केल्यात, पण तुमच्या निवड समितीत बसणारे लोक अजून आकडेच बघत असतील तर ते तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.)

पायरी २ : लिहायची वेळ टाइमटेबलमध्ये घाला

'सुट्टीत लिहू' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि सुट्टीत पहिला आठवडा झोपण्यात जातो, दुसरा तुंबलेल्या घरकामात, आणि तिसऱ्यात कळतं की आपण काय लिहीत होतो तेच आठवत नाहीये. रॉबर्ट बॉइस नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नेमकं नव्या प्राध्यापकांवरच काम केलं होतं आणि त्याचं म्हणणं असं की मोठ्या सलग वेळेची वाट बघणाऱ्यांपेक्षा रोज थोडं थोडं लिहिणारे जास्त लिहितात, आणि त्यातही ज्यांना कुणाला तरी हिशोब द्यावा लागतो ते आणखी जास्त. नंतरच्या अभ्यासकांनी यावर शंका घेतल्यात, रोज न लिहिता भरपूर छापणारेही पुष्कळ आहेत असं दाखवलंय, त्यामुळे 'रोज' या शब्दाला देव्हाऱ्यात बसवू नका. पण दुसरा भाग, हिशोब देणं, तो मात्र मी स्वतः करून बघितलाय आणि तो चालतो.

माझ्या मते आठवड्याला चार वेळा ४५ मिनिटं पहिल्या सेमिस्टरला पुष्कळ झाली. ती लेक्चरसारखीच टाइमटेबलमध्ये टाका, आणि त्या वेळेत कुणी भेटायला बोलावलं तर 'तेव्हा माझं काम आहे' एवढंच सांगा, लेखन आहे असं सांगितलं की लोकांना ती मोकळी वेळच वाटते. उठताना पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहून ठेवा, जसं की 'टेबल २ मधला फरक का आला ते समजवायचं'. ही एक ओळ नसेल तर पुढची वीस मिनिटं फाईल वर खाली करण्यात जातात.

आणि लेक्चरची तयारी! ही खरी वेळखाऊ. नवीन माणूस एका तासाच्या लेक्चरसाठी सहा सहा तास तयारी करतो कारण वर्गात कुणी असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर आलं नाही तर काय ही भीती. मी स्वतःला दोन तासांची मर्यादा घातली, त्यात जेवढं होईल तेवढं, आणि खरं सांगू का, स्लाईड कमी झाल्या तर विद्यार्थी खूषच झाले.

पायरी ३ : एकच गुरू शोधू नका, माणसं वाटून घ्या

बऱ्याच ठिकाणी नव्या माणसाला एक मेंटॉर नेमून देतात. चांगलं आहे, पण तो एकटा माणूस तुम्हाला नियमही सांगणार, पेपरही वाचणार, ग्रँटही समजावणार आणि तुमचं रडगाणंही ऐकणार असं होत नसतं. शिवाय तोच उद्या तुमच्या बढतीच्या समितीवर असू शकतो, त्याच्यासमोर किती कच्चेपणा दाखवायचा हा प्रश्न उरतोच.

म्हणून कामं वाटा. विभागातले नियम आणि राजकारण कळण्यासाठी एक सीनियर, शक्यतो ज्यांना तुमच्याकडून काही नकोय असे. कच्चा मजकूर वाचायला तुमच्याच वयाचा एक जण, दुसऱ्या विभागातला चालेल, उलट जास्त चांगला, कारण त्याला तुमचा विषय माहीत नसतो आणि समजलं नाही तर तो लगेच सांगतो. विषयातला तज्ज्ञ बहुतेक वेळा दुसऱ्या विद्यापीठात असतो, त्यांना वर्षातून एक दोनदाच त्रास द्या. आणि मग ग्रंथपाल, संख्याशास्त्रवाले, संशोधन कार्यालयातले लोक, ज्यांचं कामच हे आहे आणि ज्यांच्याकडे नवे प्राध्यापक कधी फिरकतच नाहीत.

मागायचं कसं, यावर जरा थांबतो कारण इथेच सगळे अडकतात. आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय. 'सर वेळ मिळाला तर एकदा नजर टाकाल का' असं म्हणून चाळीस पानांची फाईल जोडायची, मग सरांना वेळ मिळत नाही, आपल्याला आठवण करायची लाज वाटते, आणि दोन महिने दोघंही व्हरांड्यात एकमेकांना चुकवत फिरतात. समोरच्याला हो म्हणणं सोपं जाईल असं मागा. किती पानं, कुठला प्रश्न, कधीपर्यंत, आणि नाही म्हणायची सोय. असं काहीतरी :

'नमस्कार मॅडम, मी एका लेखावर काम करतोय, ड्राफ्ट कच्चा आहे. पहिली तीन पानं सोबत जोडली आहेत. मला फक्त एवढंच विचारायचंय की दुसऱ्या पानावर मांडलेला प्रश्न वाचून पुढे काय येणार हे तुमच्या लक्षात येतं का. भाषा, संदर्भ वगैरे अजून नीट केलेलं नाही, तिकडे दुर्लक्ष करा. पुढच्या शुक्रवारपर्यंत चार ओळी आल्या तर खूप मदत होईल, सध्या जमणार नसेल तर तसं नि:संकोच सांगा, मी नंतर विचारेन.'

तीन पानं आणि एक प्रश्न असला की बहुतेक लोक वाचतात. आणि उत्तर आल्यावर त्याचं तुम्ही काय केलंत हे दोन ओळींत कळवा, पुढच्या वेळी तेच लोक स्वतःहून विचारतील की त्या लेखाचं काय झालं.

पायरी ४ : लायब्ररीत जाऊन माणसाला भेटा

पुस्तकं तर घ्याच पण ग्रंथपालांना अर्धा तास मागा. विषय एका वाक्यात सांगा आणि विचारा की शोध कसा घ्यायचा. स्कोपस, वेब ऑफ सायन्स या लेख शोधायच्या विकतच्या डेटाबेसांपैकी काय आपल्याकडे आहे, तुमच्या विषयाचा खास डेटाबेस कुठला, शब्द जोडून तोडून शोध कसा लावायचा, नवीन लेख आला की मेल यावा म्हणून अलर्ट कसा ठेवायचा. नसलेला लेख दुसऱ्या लायब्ररीतून मागवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते आणि ती वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वैद्यक आणि जीवशास्त्राच्या लेखांचं पबमेड आणि सगळ्या विषयांचं गूगल स्कॉलर तर फुकटच आहेत. अनपेवॉल नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर दाखवतं, ते आजच टाकून घ्या.

संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, २००६ पासून आहे, मोफत आहे, आणि जर्नल बदललं की संदर्भांची स्टाईल एका क्लिकवर बदलते. हाताने संदर्भ टाइप करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे पण त्याचा हेवा वाटत नाही. प्रत्येक लेख वाचून झाला की झोटेरोत त्याच्यासमोर तीन ओळी टाका : हे काय म्हणतात, कशावरून म्हणतात, माझ्या कामात कुठे बसेल. पिवळ्या रंगाने रंगवलेल्या पीडीएफचा सहा महिन्यांनी काडीचा उपयोग होत नाही.

ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढला नसेल तर काढा, पाच मिनिटांचं काम, १६ आकडी नंबर, फुकट. नावाचं स्पेलिंग वेगवेगळं छापलं गेलं, आडनाव बदललं, त्याच नावाचा दुसरा संशोधक निघाला, तरी तुमचं काम तुमच्याच नावावर राहतं.

पायरी ५ : डेटा गोळा करायच्या आधी विचारा

१९३८ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर एका भाषणात म्हणाला होता की प्रयोग झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारणं म्हणजे त्याला पोस्टमॉर्टेम करायला सांगणं, फार तर तो प्रयोग कशाने मेला ते सांगेल. इतकी वर्षं झाली तरी आपण वरातीमागून घोडं घेऊन जातोच. दोनशे लोकांकडून प्रश्नावली भरून आणायची आणि मग विचारायचं की आता कुठली टेस्ट लावू. प्रश्नावली कच्ची असताना, नमुना किती घ्यायचा हे ठरायच्या आधी एक भेट घ्या. संख्याशास्त्रवाले पहिला प्रश्न हाच विचारतील की तुला नक्की शोधायचंय काय, आणि तो प्रश्न कुणीतरी विचारणं हाच अर्धा फायदा.

एथिक्स कमिटीचंही तसंच. माणसांशी संबंध येणार असेल, साधी मुलाखत असली तरी, आधी परवानगी. झालेल्या कामाला मागून परवानगी साधारणपणे मिळत नाही आणि मग चांगलं जर्नल तो डेटा घेत नाही. कमिटीची बैठक कधी असते ते विचारून घ्या, फॉर्मचा जुना मंजूर नमुना कुणाकडे असेल तर बघायला मागा.

बॅकअपचं एका ओळीत सांगतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक दुसऱ्या जागी.

पायरी ६ : नावं कुणाची आणि कुठल्या क्रमाने, हे आधीच ठरवा

हा विषय अवघड आहे म्हणून लोक टाळतात आणि टाळल्यामुळेच तो आणखी अवघड होतो. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती, आयसीएमजेई, लेखकपदासाठी चार अटी सांगते : कामात ठोस वाटा, मजकूर लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणं, शेवटच्या प्रतीला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही लागतात. वैद्यकाबाहेरही बरीच जर्नल हेच धरतात. आणि क्रेडिट नावाची एक पद्धत आहे ज्यात १४ भूमिका दिल्यात, कल्पना, डेटा, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे, आणि कुणी काय केलं ते त्यात लिहायचं.

या १४ भूमिकांचा खरा उपयोग बोलणं सुरू करायला होतो. काम सुरू करतानाच सगळ्यांना मेल करा की 'जर्नलला हा तक्ता द्यावा लागणार आहे, आत्ताच भरून ठेवूया का, पुढे काम बदललं तर बदलू'. कुणावर शंका घेतल्यासारखं होत नाही, दोष जर्नलच्या माथी. भीड ही भिकेची बहीण, आणि काहीही न करता नाव घालायला सांगणारे सीनियर भेटतातच. तिथे थेट भांडण करणं नव्या माणसाला परवडत नाही हे मलाही कळतं. अशा वेळी 'सर, मग हा भाग तुम्ही लिहून द्याल का, तक्त्यात तुमच्यासमोर ते टाकता येईल' असं विचारून बघा. कधी ते खरंच लिहून देतात, कधी विषय आपोआप मिटतो. थिसिसमधून पेपर काढत असाल तर गाईडशी हेच बोलणं आधी करा.

पायरी ७ : लिहिताना

सुरुवातीपासून सुरुवात करू नका. प्रयोग किंवा सर्व्हेवाला पेपर असेल तर आधी टेबल आणि आकृत्या, मग पद्धत, मग काय आढळलं ते, मग चर्चा, प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सगळ्यात शेवटी. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांत हे जमत नाही, तिथे आधी एका परिच्छेदात तुमचं म्हणणं लिहा, मग प्रत्येक पुराव्याला विचारा की तू या म्हणण्यासाठी काय करतोयस. काहीच करत नसेल तर तो कितीही सुंदर असला तरी दुसऱ्या लेखासाठी ठेवा.

थिसिसचा चॅप्टर तसाच्या तसा पेपर होत नाही. थिसिसमध्ये आपण परीक्षकाला दाखवत असतो की बघा मी किती वाचलंय. पेपरच्या वाचकाला त्याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर हवंय. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा बिनधास्त पाव करा.

आणि एक युक्ती जी मला फार उशिरा कळली, उलटा आराखडा. ड्राफ्ट झाला की प्रत्येक परिच्छेद वाचून समासात एकच वाक्य लिहा की हा परिच्छेद काय सांगतो. मग फक्त समासातली वाक्यं सलग वाचा. जिथे उडी आहे तिथे उडी दिसते, जिथे तेच दोनदा आलंय तेही दिसतं, आणि ज्या परिच्छेदाचं एक वाक्य करताच येत नाही तो बहुतेक तीन परिच्छेदांचा गठ्ठा असतो. माझ्या त्या चौदा महिन्यांच्या पेपरवर हे केलं असतं तर मलाच कळलं असतं. ही समासातली वाक्यं दुसऱ्याला दाखवायलाही उत्तम, अख्खा पेपर वाचायला वेळ नसलेला माणूस एक पान नक्की वाचतो.

इंग्रजीत लिहिणं जड जात असेल तर पहिला मसुदा ज्या भाषेत विचार येतात त्या भाषेत लिहा, मिश्र लिहा, काही बिघडत नाही. भाषा सुधारणारा माणूस आणि मजकूर तपासणारा माणूस वेगळे असतात हे लक्षात ठेवा, आणि भाषेवर पैसे किंवा वेळ घालवायचा तो अगदी शेवटी, कारण जे परिच्छेद उडणार आहेत त्यांचं व्याकरण नीट करून काय करायचं. एआयचं म्हणाल तर वाक्य सुटसुटीत करून घ्यायला बरं पडतं पण ते अस्तित्वात नसलेले संदर्भ बेधडक देतं, त्यामुळे प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. कोप या प्रकाशन नीतिमत्तेच्या संस्थेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की एआय लेखक होऊ शकत नाही आणि वापरलं असेल तर तसं सांगायला हवं. जर्नलचा नियम वाचा. आणि जर्नलने तुमच्याकडे रिव्ह्यूला, म्हणजे छापण्याआधी तपासायला, पाठवलेला दुसऱ्याचा लेख त्यात टाकू नका, तो गोपनीय असतो.

पायरी ८ : चार जणांचा लेखनगट

विद्यापीठात लेखन केंद्र असेल तर तिथे जा, नसेल तर गट स्वतः जमवा. चार किंवा पाच जण, वेगवेगळ्या विभागांतले, शक्यतो सगळे साधारण एकाच पायरीवरचे. विभागप्रमुखांना घेऊ नका, कितीही प्रेमळ असले तरी.

आमचा गट दोन प्रकारे भेटायचा. एका आठवड्यात नुसतं गप्प बसून लिहायचं, सुरुवातीला प्रत्येकाने आज काय करणार ते एका वाक्यात सांगायचं, ५० मिनिटं लिहायचं, शेवटी झालं की नाही ते सांगायचं. एवढंच. (२५ मिनिटं काम आणि मग छोटी सुट्टी अशी पोमोडोरो पद्धत काहींना आवडते, पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो, ते नाव ती काढणाऱ्या फ्रान्चेस्को चिरिल्लोच्या टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून पडलंय, मला २५ मिनिटं कमी पडतात, तेवढा वेळ तर मी खुर्ची सरकवण्यात घालवतो.) दुसऱ्या आठवड्यात एकाचाच मजकूर, जास्तीत जास्त सहा पानं, दोन दिवस आधी पाठवलेला.

पहिले दोन महिने आमची अळीमिळी गुपचिळी चालली होती. 'छान आहे', 'मस्त जमलंय', घरी. मग आम्ही नियम केला की आधी वाचणाऱ्यांनी आपल्याला काय समजलं ते सांगायचं, चांगलं वाईट नाही, फक्त 'मला असं समजलं की तू असं म्हणतेयस'. लेखकाने तेव्हा तोंड उघडायचं नाही. हे गप्प बसणं फार जड जातं, जिभेवर येतं की 'अरे पण मी पान चारवर लिहिलंय ना', पण वाचकाला ते दिसलं नाही हीच तर बातमी असते. त्यानंतर प्रत्येकाने आपण कुठे अडखळलो ती एक जागा दाखवायची. उपाय सुचवायचे नाहीत, मागितले तरच.

पायरी ९ : जर्नल निवडणं

हे लिहून झाल्यावर करायचं काम नाही, टेबलं तयार झाली की करा. तुमच्याच संदर्भयादीत जी जर्नल पुन्हा पुन्हा येतायत तिथून सुरुवात करा, कारण ज्यांच्याशी तुम्ही बोलताय ते तिथेच बसलेत. तीन नावं क्रमाने लिहून ठेवा, पहिल्याने नाकारलं तर दुसरं तयार. विषय बसतो का शंका असेल तर संपादकांना सारांश पाठवून विचारता येतं, बरेच संपादक उत्तर देतात. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

फसवी जर्नल ओळखायला फार अक्कल लागत नाही, फक्त घाई नको. 'आदरणीय प्राध्यापक, आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन' असा मेल येतो, आठवड्यात छापून देतो म्हणतात, छापायची फी किती ते लेख स्वीकारल्यावरच सांगतात, संपादक मंडळातल्या माणसांना आपण तिथे आहोत हेच माहीत नसतं. जेफ्री बील या अमेरिकी ग्रंथपालांची अशा प्रकाशकांची यादी प्रसिद्ध होती, ती २०१७ च्या जानेवारीत त्यांनी काढून टाकली आणि आता फिरतात त्या तिच्या जुन्या नकला किंवा दुसऱ्यांनी चालवलेल्या आवृत्त्या. त्यापेक्षा मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांसाठी डीओएजे ही तपासून केलेली यादी बघा, जर्नल पारखायला 'थिंक चेक सबमिट' या वेबसाइटची प्रश्नांची यादी बघा, आणि ग्रंथपालांना विचारा. पायरी ४ मधली ओळख इथे कामाला येते. फी माफ किंवा कमी करायची सोय बऱ्याच मोठ्या प्रकाशकांकडे असते, पण ती बहुधा लेख पाठवतानाच मागावी लागते.

पायरी १० : रिव्ह्यू आल्यावर

मेल वाचा, बंद करा, दोन दिवस हात लावू नका. पहिल्या दिवशी आपण जे उत्तर लिहितो ते पाठवण्यालायक नसतं.

मग 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा, असं उत्तर असेल तर ही चांगली बातमी आहे हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं, मी सांगतो. नव्या लोकांना तो नकार वाटतो आणि ते पेपर तसाच सोडून देतात. संपादकाला लेख नको असता तर त्याने सरळ नकार दिला असता. एक तक्ता करा, डावीकडे रिव्ह्यूअरची, म्हणजे लेख तपासणाऱ्याची, प्रत्येक सूचना जशीच्या तशी, एकही न गाळता, मध्ये तुमचं उत्तर, उजवीकडे बदल कुठल्या पानावर. पटलेल्या सूचना आधी करून टाका. न पटलेल्यांना नाही म्हणता येतं, फक्त कारण द्यायचं, आणि शक्य असेल तर मजकुरात एखादी ओळ टाकायची म्हणजे तीच शंका दुसऱ्या वाचकाला येणार नाही. रिव्ह्यूअरने चुकीचं समजून घेतलं असेल तर 'तुम्ही नीट वाचलं नाही' असं लिहू नका, 'आमची मांडणी संदिग्ध होती, आता स्पष्ट केली आहे' असं लिहा. बहुतेक वेळा ते खरंही असतं. दोन रिव्ह्यूअर परस्परविरोधी मागत असतील तर संपादकांना विचारा.

पाठवायच्या आधी हा तक्ता गटातल्या एकाला वाचायला द्या, फक्त सूर बघायला. आपला राग आपल्याला दिसत नाही. आणि रिव्ह्यूचं पत्र कितीही बोचरं असलं तरी एखाद्या सीनियरना दाखवा, ते बहुधा हसतील आणि स्वतःचं एक जुनं पत्र काढून दाखवतील.

पायरी ११ : ग्रँट, थोडक्यात

पहिल्या वर्षी मोठ्या ग्रँटच्या मागे लागू नका, विद्यापीठाचा स्वतःचा छोटा निधी असेल तर तो घ्या. संशोधन कार्यालयात अर्ज कच्चा असताना जा, कारण त्यांची अंतर्गत तारीख बाहेरच्या तारखेच्या बरीच आधी असते आणि बजेटचे तक्ते त्यांना तोंडपाठ असतात. ज्यांना ती ग्रँट मिळालीय त्यांच्याकडे जुना अर्ज बघायला मागा, आणि धीर असेल तर नाकारलेलाही मागा, त्यातून जास्त कळतं.

राहता राहिली पहिल्या पायरीवरची ती शीट. महिन्यातून एकदा उघडा आणि फक्त चौथा रकाना बघा, कुणाला आणि कधी दाखवलं. जिवंत ठेवलेल्या दोन कामांपैकी ज्याच्यासमोर दोन महिन्यांत नवीन तारीख पडलेली नाही त्यातली तीन पानं काढा, एक प्रश्न ठरवा, आणि पायरी ३ मधला मेल त्याच दिवशी पाठवून टाका.